ओळखीचा चहा

मामाच्या अमृततुल्यावर गेल्या महिन्यात पाटी लागली : 'वाड्याचे बांधकाम निघाल्यामुळे दुकान महिनाअखेर बंद होत आहे. ज्यांची उधारी आहे त्यांनी ती भागवावी.' पुण्यातली पाटी, तेव्हा दुसरं वाक्य असणारच. मामाची उधारी नव्हती, त्यामुळे हळहळायला तो मोकळा होता. मामाचं अमृततुल्य म्हणजे त्याच्या मालकीचं नव्हे. बँकेत चिकटला तेव्हापासून, आणि निवृत्त झाल्यावरही, रोज सकाळी साडेसहाला तो तिथे दारालगतच्या बाकावर बसतो. हक्क काय तो तेवढाच.

त्या रविवारी तो ताईमावशीकडे आला तो आपटे रोडच्या संतोष बेकरीतल्या पॅटिसचा पुडा घेऊन. मीही तिथेच होते. मावशीने पुडा हातात घेतला, खालून चाचपला.

"गरम आहेत. म्हणजे रिक्षाने आलास. दुःख बरंच दिसतंय."

मावशी एकाहत्तर वर्षांची, मामा सदुसष्टचा. दोघं नारायण पेठेतल्या एकाच वाड्यात वाढली. वाडा पाडून इमारत झाली, तिच्यातल्या दुसऱ्या मजल्यावर मामा आजही राहतो. मावशी लग्न होऊन सदाशिव पेठेत गेली. पायी दहा मिनिटांवर. तिथल्या तळमजल्याच्या खोलीत तिने सव्वीस वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलं. म्हणजे खाणंपिणं हा दोघांचाही विषय. एकाचा बाकावरून, दुसरीचा ओट्यावरून. त्या दिवशी जे बोलणं झालं ते जमेल तसं इथे उतरवते आहे. मध्ये मी फार बोलले नाही. बोलायला कोणी वाव दिला नाही.

मामा म्हणाला, "ताई, तुला कळत नाहीये काय जातंय ते. नुसता चहा नाही तो. पहाटे तो माणूस ओट्यावर मांडी घालून बसतो. पूर्वी रॉकेलचा स्टोव्ह होता, पंप मारला की त्याचा घरघराट आपल्या गॅलरीपर्यंत यायचा. आता गॅस आहे, पण पातेलं तेच पितळेचं. पाणी, दूध, साखर आधी. उकळी फुटली की आलं. किसत नाही तो, बत्त्याने ठेचतो. वेलदोडा सालासकट. पावडर मागाहून. मग ओगराळ्याने चहा उंच उचलायचा आणि परत पातेल्यात सोडायचा, आठ-दहा वेळा. तेवढ्यात त्याला तो रंग येतो. मग फडक्यातून किटलीत. ते फडकं तो असं काही पिळतो..."

"फडक्याच्या रंगाबद्दल सांगू नकोस. पॅटिस खायचंय मला."

"बरं. पण मी बाकावर बसलो की तो माझ्याकडे बघतसुद्धा नाही. कप येतो. मागावा लागत नाही. आणि ऐक, मला मधुमेह निघाला ना, त्या आठवड्यापासून कप अर्धा यायला लागला. मी चकार शब्द काढला नव्हता. साखर तर पातेल्यातच असते, ती माझ्यापुरती कमी कशी करणार? म्हणून त्याने चहाच कमी केला. आणि पैसेही अर्धेच घेतो. हे कुठल्या कॅफेत होईल सांग?"

"तुला मधुमेह आहे हे त्याला कळलं कसं?"

"औषधांच्या दुकानातून कळलं असेल. शेजारीच आहे."

मावशीने पॅटिसचा तुकडा मोडला, त्यातून वाफ निघाली ती बघितली, आणि म्हणाली, "तुझा आजार औषधवाल्याने चहावाल्याला सांगितला, आणि तुला ते प्रेम वाटलं."

"प्रेमच आहे ते!"

"असेल. मी नाही म्हणत नाही. पण औषधवाला माझ्याबद्दल बोलला असता, तर ते प्रेम झालं असतं का, एवढंच विचारते."

मामा गप्प बसला. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, आणि माझ्याही नव्हतं. मावशीने हात पुसले.

"मी एस. पी. कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. बहात्तर सालची गोष्ट. मैत्रिणीबरोबर टिळक रोडवर रसवंतीत उसाचा रस प्यायले. एक ग्लास, बर्फ घालून. घुंगरू वाजत होते चरकाला. पाच मिनिटं बसलो असू. घरी आले तर आजी दारातच. म्हणाली, 'रस गार होता का गं?' बास. रागावली नाही, मारलं नाही, आईला सांगितलं नाही. नुसतं विचारलं. पण टिळक रोडपासून नारायण पेठेपर्यंत ती बातमी माझ्याआधी चालत आली होती. मी परत कधी गेले नाही त्या रसवंतीत."

"आजी काळजीपोटी..."

"काळजीपोटीच. तेच सांगते आहे. तुला त्या गल्लीत सगळे ओळखतात म्हणून तुझा चहा गोड. मला सगळे ओळखायचे म्हणून मी बाकावर बसले नाही. गल्ली एकच, ओळखही एकच."

मला हे ऐकताना आमच्या पेठांबद्दल आजवर वाचलेले सगळे गहिवर आठवले. अमक्या हॉटेलातली मिसळ, तमक्या कट्ट्यावरच्या गप्पा, कुठल्याशा खानावळीतला रविवारचा शिरा. लिहिणारे जवळजवळ सगळे पुरुष. त्यांनी खोटं लिहिलं असं मला म्हणायचं नाही. चव त्यांनी घेतली होती, ती त्यांनी लिहिली. पण त्या लेखांतल्या बायका कपबशी घेऊन बाहेर येतात आणि आत जातात.

मामाने बाजू बदलली. तो बँकेत युनियनचा माणूस होता, एका मुद्द्यावर हरला की दुसरा तयार असतो.

"मग वैशालीत मुली बसत नव्हत्या? गुडलकमध्ये नव्हत्या? मी स्वतः पाहिल्यात."

"बसत होत्या. ते कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? फर्ग्युसन रस्त्यावर."

"नदीच्या पलीकडे," मावशी म्हणाली. "लकडी पूल ओलांडला की. तिथे आपली मावसआत्या दारात उभी नसायची."

मग जरा थांबून ती जे बोलली ते मामाने सदुसष्ट वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

"केंद्र सुरू केलं त्याच्या दुसऱ्या वर्षापासूनची गोष्ट. महिन्याच्या पहिल्या शनिवारी बायकांचे पगार करायचे. दुपारी तीनला सगळं आवरायचं. मग मी 'कापड बघून येते' म्हणून निघायचे. अलका टॉकीजवरून पूल, डेक्कन, गुडलक चौक, आणि चालत वैशालीपर्यंत. मागच्या बाजूला झाडाखाली एकटीने बसायचे. एस. पी. डी. पी. आणि फिल्टर कॉफी. पहिल्यांदा त्या वेटरने विचारलं, 'मॅडम, कोणी येणार आहे का?' मी म्हटलं, नाही. परत त्याने कधी विचारलं नाही. बारा-तेरा वर्षं गेले मी."

"एकटी?"

"एकटी."

"दाजींना माहीत होतं?"

"नाही. लपवण्यासारखं काय होतं त्यात? शेव, बटाटा, दही, पुरी. पण माझं होतं ते. कोणाच्या ताटात किती वाढलं, कोणाला आमटी हवी, याकडे बघायचं नाही. माझ्यासमोर एकच बशी. आणि मी कोण ते तिथे कोणालाही माहीत नाही. तू म्हणतोस ओळखीतच चव आहे. मला अनोळखीतच लागली."

मामा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग त्याने विचारलं, आणि हा प्रश्न त्यालाच शोभणारा होता, "एस. पी. डी. पी. मध्ये तिखट पाणी सांगायचीस का?"

"सांगायचे."

"बरं."

एवढ्यावर मावशी जिंकली असं मी धरून चालले होते. पण मामाने चहाचा कप खाली ठेवला आणि जी गोष्ट सांगितली तीही मला विसरता येत नाही. मामी गेल्यानंतरच्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला होता. मुलगा बंगळुरूला. पहिले दोन दिवस त्याला स्वतःलाच कळलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला दारावर थाप. अमृततुल्यावरचा पोऱ्या, हातात छोटी किटली. मालकाने सांगितलं होतं की साहेब दोन दिवस आले नाहीत, बघून ये. पोऱ्याने बघितलं, मालकाला जाऊन सांगितलं, मालकाने रिक्षा आणली.

"ताई, तुझ्या वैशालीत तू महिनाभर गेली नसतीस तर कोणी विचारलं असतं?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. तेच हवं होतं मला तेव्हा." ती थोडी थांबली. "तेव्हा. आत्ता काय हवंय ते वेगळं."

ही एवढी कबुली देऊन मावशी लगेच सावरली. "आणि तुझ्यासारखी चौकशी माझीही व्हायची बरं. केंद्र एक दिवस बंद राहिलं की चाळीस घरांतून माणसं यायची. 'काय झालं? आज भाजी नाही?' मला काय झालं ते कोणी विचारत नव्हतं. भाजीला काय झालं ते विचारायचे."

पोळी-भाजी केंद्राबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पेठेच्या खाण्यावर लिहिताना ते नेहमी राहून जातं. मिसळीवर लेख येतात, बाकरवडीवर येतात. चार पोळ्या आणि पाव किलो बटाट्याची भाजी यांवर कोण लिहिणार? पण पेठेतलं रोजचं जेवण निम्मंअधिक त्यांच्यावर चालतं. एकटे राहणारे म्हातारे, स्पर्धा परीक्षांची मुलं, दोघंही नोकरी करणारी घरं. मावशीकडे पहाटे पाचला चार बायका यायच्या, पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतून. किलोभर कणकेच्या मध्यम आकाराच्या तीस-बत्तीस पोळ्या होतात. सणाच्या दिवशी पंधरा-सोळा किलोंची कणीक भिजायची. घडीची पोळी, आत तेल, वर पिठाची चिमूट, त्रिकोणी घडी, मग लाटायची. मजुरी पोळीमागे. २०१८ साली प्लास्टिकबंदी आली तेव्हा सगळ्यांत मोठा पेच आमटीचा झाला होता. मावशीने पाटी लावली : 'डबा आणल्याशिवाय आमटी मिळणार नाही. वाद घालू नये.' पहिल्या दिवशी सहाजण तसेच परत गेले, दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवसापासून गल्लीत संध्याकाळी डब्यांची वर्दळ सुरू झाली. पुढच्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला आणि केंद्र बंद झालं.

"आणि एक सांगू?" मावशी मामाला म्हणाली. "तुझ्या त्या चहावाल्याच्या दोन पोरांचा दुपारचा डबा माझ्याकडून जायचा. आठ पोळ्या, एक भाजी. रोज. तू ज्या पोऱ्याचं कौतुक करतोस तो माझ्या पोळीवर वाढलाय."

"कधी बोलली नाहीस!"

"तू कधी विचारलंस, की ही पोरं जेवतात कुठे?"

मामाला हे लागलं. आणि मग त्याने, मला वाटतं स्वतःची बाजू सावरण्यासाठीच, बाकाची थोरवी सांगायला घेतली. त्याचं म्हणणं असं, की पेठेत चहाच्या बाकानेच माणसं एकत्र आणली. बाकावर निवृत्त न्यायाधीश बसतो, त्याच्या शेजारी रिक्षावाला, त्याच्या शेजारी लक्ष्मी रस्त्यावरचा हमाल. सगळ्यांना तोच कप, तोच चहा. नदीपलीकडच्या नव्या कॅफेंमध्ये कॉफीच्या किमतीनेच माणसं गाळली जातात. "आणि ताई, पुण्यात चहाने काय केलंय ते विसरू नकोस. १८९०! पंचहौद मिशन!"

ही गोष्ट पुण्यातल्या शाळकरी मुलांनाही माहीत असते, निदान असायची. ऑक्टोबर १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला जमली. व्याख्यानानंतर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं दिली. कोणी घेतली, कोणी कपाला नुसता हात लावला. हजर असलेल्यांत रानडे होते, टिळक होते, गोखले होते. हा सगळा घाट गोपाळराव जोशींनी घातला होता, म्हणजे आनंदीबाई जोशींचे यजमान. त्यांनी मग चहा घेणाऱ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं दाखवलं. रानड्यांनी पुढे १८९२ मध्ये घेतलं. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी आपल्या आठवणींत त्यावर लिहिलंय, आणि नवऱ्याने प्रायश्चित्त घेतल्याचं त्यांना किती लागलं हे त्या पानांवरून कळतं.

"एका कपाने अख्खं पुणं हललं," मामा म्हणाला. "आज त्याच पुण्यात कोणीही कोणाच्याही शेजारी बसून चहा पितो. याचं श्रेय बाकाला आहे की नाही?"

"त्या मिशनमध्ये बाकावर बायका किती होत्या?"

"ताई, तू प्रत्येक गोष्टीत..."

"बरं, बायका सोड. तुझा हमाल घे. मी त्या दुकानासमोरून सव्वीस वर्षं दिवसातून दोनदा गेले. सकाळी किराणा, दुपारी बँक. न्यायाधीश बाकावर पाहिलेत. रिक्षावाले पाहिलेत. हमाल बाकावर बसलेला मी पाहिला नाही. तू पाहिलास?"

मामा खोटं बोलत नाही. हा त्याचा गुण वादात त्याला महागात पडतो. त्याने डोळे मिटून आठवून पाहिलं.

"पायरीवर बसायचे," तो म्हणाला. "बाहेरच्या पायरीवर. कप तिथेच द्यायचा पोऱ्या."

"कोणी मनाई केली होती?"

"नाही. कोणीच नाही. आत बाक रिकामा असायचा कधी कधी."

"तेच. माझंही तेच. कोणीच मनाई केली नव्हती."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मग मावशी म्हणाली, "आणि चहाचं सांगतोस तर त्याच्या आधी पाणी होतं. पंचहौदापासून गंज पेठ किती लांब? पंधरा मिनिटं चालत. तिथे जोतिबांनी घरचा हौद १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला. मोठी माणसं चहा प्यायली की नाही यावर शहर दोन वर्षं भांडलं, त्याच्या बावीस वर्षं आधी. बाकाची गोष्ट सांगायची तर हौदापासून सांग."

अमृततुल्याबद्दलही तिचं एक मत आहे, ते मी तिच्या नावावरच ठेवते. ही दुकानं चालवणारे बहुतेक राजस्थानातून आलेले श्रीमाळी ब्राह्मण. भिंतीवर देवांच्या तसबिरी, दुकानांना देवांची नावं. मावशी म्हणते, पेठेतल्या सोवळ्या घरांतले पुरुष बाहेरचा चहा प्यायला लागले ते तो ब्राह्मणाच्या हातचा होता म्हणून. "प्रायश्चित्त टाळून चहा प्यायची सोय," असं ती म्हणते. मामाला हे मुळीच मान्य नाही. तो म्हणतो, लोक गेले ते आल्यासाठी. मला वाटतं दोन्ही असेल. आलं काही कमी नव्हतं.

"तुला सर्वांनी एका रांगेत बसून खाल्लेलं पाहायचंय ना?" मावशी म्हणाली. "मी पाहिलंय. एकदाच. तू तीन वर्षांचा होतास, तुला आठवणार नाही."

पानशेत. १२ जुलै १९६१. धरण फुटलं, खडकवासलाही टिकलं नाही, आणि मुठेचं पाणी नारायण पेठेत शिरलं. आमच्या आजोळच्या गोष्टींत हा पूर इतक्या वेळा आलाय की मला तो स्वतः पाहिल्यासारखा वाटतो : जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी, कोणाची शिवणाची मशीन वाहून गेली, पिठाच्या डब्यात चिखल. पण मावशीने त्या दिवशी सांगितलेला तुकडा मी आधी ऐकला नव्हता.

"आपल्याला एका शाळेत नेलं. मोठ्या हॉलमध्ये. संध्याकाळी खिचडी आली, मोठ्या पातेल्यांतून. डाळ-तांदूळ, हळद, मीठ जास्त झालेलं. मी जन्मात पहिल्यांदा बाहेरचं खाल्लं ते त्या दिवशी. सात वर्षांची होते. आजीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला एक बाई होती, कडेवर मूल घेतलेली. आपल्या गल्लीत झाडायला यायची ती. आजीने तिच्याकडे बघितलं, पानाकडे बघितलं, आणि जेवली. मला ती खिचडी इतकी आवडली होती की मी अजून मागितली. आजी म्हणाली, 'माग, माग, आज माग.'"

"मग?"

"मग आठ दिवसांनी घरी आलो. गाळ काढला. नळाला पाणी नव्हतंच, विहिरीचं शेंदायचं. सगळं धुऊन झाल्यावर आजीने मला आणि आईला डोक्यावरून आंघोळ घातली, आणि हळूच आईला विचारलं, 'त्या दिवशी आपल्या पंगतीला कोण कोण होतं गं?' तिला माहीत होतं. तरी विचारलं."

मामाने पुड्यातलं शेवटचं पॅटिस अर्धं करून एक अर्धं तिच्या बशीत ठेवलं. ही त्याची लहानपणापासूनची सवय आहे. हरला की तो वाटणी करतो.

मग त्यांनी दोघांनी मिळून माझ्याकडे मोर्चा वळवला. हे होणारच होतं. मी बाणेरला राहते, चौदाव्या मजल्यावर. माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मला आडनावाच्या पाटीवरून माहीत आहे. जेवण आठवड्यातून तीनदा फोनवरून येतं. आणणारा मुलगा दारात उभा राहून चार आकडे विचारतो; मी चार आकडे सांगते, तो पिशवी देतो. आमची ओळख तेवढी, आणि ती दर वेळी बदलते. मला यात सोय दिसत आली. रात्री साडेअकराला एकटीने बिर्याणी मागवली तर कुठलीही आजी सकाळी 'गरम होती का गं' विचारत नाही. मावशीला जे मिळवायला महिन्यातून एकदा पूल ओलांडावा लागला ते मला सोफ्यावर बसून मिळतं. आणि मला डेंग्यू झाला तर चौदाव्या मजल्यावर किटली घेऊन कोण येईल, हा प्रश्न मामाने विचारला नाही, पण तो त्याच्या चेहऱ्यावर होता.

"तू सांग," मामा म्हणाला. "तुला यातलं काय हवं?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"असं नसतं," दोघं एकदम म्हणाली. त्या सकाळी त्यांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

मग मामाने मुख्य गोष्ट काढली. त्यासाठीच तो आला असावा. "ताई, परवा तीस तारीख. शेवटचा दिवस आहे. तू ये ना. माझ्याबरोबर बाकावर बस. एकदा तरी. मी त्याला सांगून ठेवतो."

मावशी हसली नाही. तिने विचार केला, खरंच केला. "सांगून ठेवायचं काय त्यात? नको. शेवटच्या दिवशी पाहुणी म्हणून नाही यायचं मला. चाळीस वर्षं आले असते तर शेवटचा दिवस माझा असता. तो तुझा आहे. तू जाऊन बस. किटली विकणार असेल तर विचार, मी घेईन. पितळ चांगलं आहे ते."

"किटली?"

"पातेलं मला झेपणार नाही."

मामा उठला, चपला पायात सरकवल्या, परत आत आला. "आणि एक तारखेपासून मी सकाळी काय करू?"

हा प्रश्न त्याने इतक्या साधेपणाने विचारला की मला बघवेना. मावशी स्वयंपाकघरात गेली होती, तिथूनच बोलली. तिची सकाळ मंडईत जाते हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. गुडघे दुखतात तरी आठवड्यातून तीनदा रिक्षा करून महात्मा फुले मंडईत. १८८६ साली बांधलेली ती दगडी इमारत, मधला मनोरा, खाली आता भुयारी मेट्रोचं स्टेशन. पण मावशीला त्यातलं काही दिसत नाही. तिला दिसतात कोवळ्या गवारीचे ढीग आणि पुरंदरच्या वाटाण्याचे पहिले दिवस. घेवड्याची शेंग ती नखाने सोलत नाही, कानाजवळ मोडते. मोडल्याचा आवाज बरोबर आला तर घेते. घेवडा ऐकायचा असतो हे मला तिनेच शिकवलं. तिथल्या बायका तिला ओळखतात आणि तिला त्याचं काही वाटत नाही, कारण त्या तिला घरचं काही विचारत नाहीत, फक्त तिच्याशी भावावरून भांडतात.

"माझ्याबरोबर मंडईत ये," ती आतून म्हणाली. "आठ वाजता. उशीर करू नकोस, कोथिंबीर कोमेजते."

"तिथे चहा मिळतो?"

"मिळतो. उभ्याने प्यावा लागतो."

मामा दारात थोडा घोटाळला. "पिशवी आणू?"

"दोन आण. कांदे-बटाटे एकीत, पाला दुसरीत. एकत्र भरलंस तर परत पाठवीन."